सामाईक भाग

जळगाव,
११ जुलै १९९८

अभिमन,

तुझी फ्लॉपी धुळे गाडीच्या कंडक्टरने परवा आणून दिली. इकडे सगळे बरे आहेत. आबांचा गुडघा तसाच. पाऊस नाही.

प्रमिलाशी तुझं लग्न झाल्यावर तुला 'पाव्हणे' म्हणायची सवय केली होती. आज तो शब्द लिहवत नाही.

तुझा सोर्स, प्रोग्रामचा मूळ मजकूर, माझ्या सोर्सशेजारी ठेवून वाचला. तुझा प्रोग्राम दूध डेअरीचा, माझा वाचनालयांचा. पण पडद्यावर मराठी अक्षरं उमटवणारा आणि नावं अकारविल्हे लावणारा भाग दोन्हीकडे एकच. तो तू, मी आणि प्रमिलाने लिहिला, मागेल त्याला फुकट द्यायचा ठरवला. अट एवढीच, की दुरुस्ती करणाऱ्याने वर आपलं नाव लिहायचं आणि ती दुसऱ्याकडे पाठवायची. म्हणजे दोन्हीकडे भाग सारखा राहील.

वरच्या ओळीत तीन नावं होती. आता एकच आहे, तुझं.

राग आला असता तर बरं झालं असतं. किळस आली. फ्लॉपी हातात धरवेना.

जोडाक्षरांचा क्रम चुकायचा, तो तुझ्या प्रतीत नीट लागतो. दुरुस्ती जूनमधली. एकूण नावांच्या आकड्याला तिथे 'बठ्ठा' म्हटलंय. तू 'टोटल' लिहितोस, मीही. बठ्ठा लिहिते ती एकटी माझी बहीण. नाव पुसलंस, बोली पुसायची राहिली.

प्रमिला आखाजीच्या सणाला चोपड्याला माहेरी आली ती परत गेलेली नाही, हे तुला मी काय सांगायचं? तिला न्यायला धुळ्याहून कुणी आलं नाही. दुरुस्त्यांसाठी मात्र निरोप येत राहिले. टायपिंग क्लासच्या संगणकावर बसून ती तुझी डेअरी चालवत होती.

काल चोपड्याला जाऊन तिला विचारलं. पीठ मळता मळता म्हणाली, "भाऊ, त्यासले काही लिखू नको. दूध मोजाले लोके रांगमा उभा ऱ्हातंस."

आई चुलीपाशी होती. "पोर आठे शे, नि तिनं काम तठे. पाव्हणाले अर्धीच बायको लागस का?"

प्रमिला हसली. ते हसणं बघवलं नाही. म्हणून लिहितो आहे.

दुरुस्ती मी घेतली. वाचनालयांना ती हवीच होती. तिन्ही नावं परत घातली, तिचं पहिलं. एक प्रत सोबत आहे. तुला अडवून तुझ्यासारखा व्हायची इच्छा नाही.

यापुढे सामाईक भाग प्रमिला सांभाळेल. माझ्या दुरुस्त्या मी तिच्याकडे देईन, नवी प्रत तिच्याकडूनच घेईन. तिला विचारलं तेव्हा तिने मान डोलावली. कंडक्टरच्या हाती आता काही यायचं नाही. हवं असेल त्याने चोपड्याला दारात येऊन मागायचं. सोर्स सगळ्यांना खुला आहे, तुलाही ती नाही म्हणणार नाही.

आत ये म्हणेल का, ते मला माहीत नाही.

एके काळचा तुझा मित्र,
प्रमिलाचा भाऊ
शालिग्राम