फणुल्यांची खाट

आई, तुझी लाकडी फणी अजून माझ्याकडे आहे आणि ती मी केसांना कधीच लावलेली नाही. तू ती लग्नकार्यासाठी म्हणून कोरी आणली होतीस, उकळत्या पाण्यातून काढून वेगळ्या फडक्यात बांधून ठेवत होतीस. तिच्यावर मी आता दर शनिवारी पास्ता करते. पास्ता म्हणजे काय ते तुला समजावत बसत नाही, कारण तो तू आयुष्यभर केलास. तू त्याला फणुल्या म्हणालीस आणि दुधात शिजवून खीर केलीस, मी मिठाच्या पाण्यात उकडते आणि वर भाजलेली ढोबळी मिरची, लसूण आणि टोमॅटो घालते. बाकी सगळं तेच. तुला चव आवडली नसती, पण आकार पाहून तू मान डोलावली असतीस, एवढी खात्री मला आहे.

आपल्याच वाडीत चिकूंच्या मधे आम्ही पाहुण्यांसाठी दोन खोल्या बांधल्या, त्यानंतरची ही गोष्ट. मुंबईहून आलेल्या एका बाईने विचारलं, "काकी, मुलांना पास्ता मिळेल का?" घरात ना पाकीट, ना मशीन. मी म्हटलं, "मिळेल की." ती स्वयंपाकघरात डोकावून म्हणाली, "पण मशीन कुठाय?" मी दोन्ही हात वर करून दाखवले. तेव्हापासून लोक खायला कमी आणि शिकायला जास्त येतात. मी त्यांना पाटावर बसवते. बारीक रवा, चिमूटभर मीठ, कोमट पाणी, तेही हात राखून. पीठ इतकं घट्ट होतं की प्रत्येकीला वाटतं, बिघडलं. मग ओल्या फडक्याखाली अर्धा तास, आणि त्यानंतर तेलाचं बोट लावून पाट्यावर वरवंट्याने कुटायचं. कुठवर, असं विचारलं की मी तुझं उत्तर देते, कानाच्या पाळीसारखं होईपर्यंत. तू मात्र नुसतं सांगत नव्हतीस, पिठाच्या हाताने माझीच पाळी दाबून बघायचीस, आणि शाळेत मी एका कानाला रवा लावून जायची. हरभऱ्याएवढी गोळी फणीवर ठेवायची, अंगठ्याने पुढे ढकलायची, ती रेघा घेऊन आपोआप गुंडाळते. "ढकल गं, दाबू नको. जीव घेशील तिचा," असं तू ओरडायचीस. मीही आता तशीच ओरडते आणि शिकलेसवरलेले लोक निमूट ऐकून घेतात. लांब नळ्या हव्या असतील तर छत्रीची जुनी काडी घासूनपुसून ठेवली आहे, तिच्यावर वळते. ही युक्ती माझी, तुझी नाही.

एवढी बढाई मारून झाल्यावर ताईच्या लग्नाकडे यावंच लागतं. त्या वर्षी फणुल्या तू एकटीने केल्यास. गावातल्या बायका रव्याचे गव्हले आणि नखुले वळायला येत होत्या, पण फणीला दुसऱ्या कुणाचा हात तू लागू दिला नाहीस, कारण पंगतीत खीर फणुल्यांचीच होणार होती. आपलं घर चिंचणीच्या कोळीवाड्याला लागून. पश्चिमेला, कुंपणापलीकडे किनाऱ्यावर बांबूच्या दांड्यांवर बोंबील वाळायचे आणि दुपारचा वारा सरळ त्यांच्यावरून यायचा. म्हणून वाळवणाची खाट तू नेहमी घराच्या पूर्वेला ठेवायचीस, घर आडवं येईल अशी. त्या दिवशी तू पत्रिका द्यायला तलासरीला निघालीस. मी खाटेपाशी बसले आहे, हातात कावळे हाकायची काठी आहे, आणि तू फाटकातून वळून सांगते आहेस, "खडखडीत वाळल्याशिवाय उठायचं नाही हां." मैत्रिणी बांगड्या भरायला डहाणूला चालल्या आहेत, त्यांची बस सुटायला अवकाश आहे.

पंगत बसली तेव्हा मी वाढत होते. आपल्या माणसांना काहीच कळलं नाही. तो वास जन्मापासून आपल्या नाकात, त्यामुळे आपल्याला तो येतच नाही. ताईच्या सासरची माणसं आतल्या गावातली. विहीणबाईंनी पहिला घास घेतला, वाटी नाकाशी नेली आणि मोठ्याने म्हणाल्या, "खिरीत बोंबील घालायची पद्धत आहे वाटतं तुमच्याकडे?" अख्खी पंगत हसली. ताईने मान खाली घातली. तू हातातलं तुपाचं भांडं खाली न ठेवता म्हणालीस, "वारा फिरला असणार. माझंच लक्ष चुकलं, माफ करा." मग आत येऊन पातेल्यात नाक घालून वास घेतलास, पुन्हा घेतलास, आणि मला विचारलंस, "तुला येतोय का गं?" मी म्हटलं, "नाही."

लोक ते विसरले, आई. ताईच्या सासरीही पुढे ती गंमतच झाली. विसरली नाहीस ती तू. त्यानंतर कुणाच्या घरून फणुल्यांचं बोलावणं आलं की तू म्हणायचीस, "माझं नाक गेलंय आता, दुसरी कुणी बघा." दूध नासलंय का, तूप खवट झालंय का, साधी डाळ लागलीय का, सगळं माझ्या नाकापुढे धरायचीस. जिच्या हाताला गावात तोड नव्हती ती बाई शेवटपर्यंत घरातल्या पोरीला विचारून चूल विझवत होती. मला ते दिसत होतं. मला वाईट वाटायचं आणि तरीही मी दर वेळी पातेल्यावर वाकून वास घ्यायची आणि "ठीक आहे" म्हणायची.

आता मी शिकवते तेव्हा वाळवण्याचा प्रश्न निघतोच. मी सांगते, आधी बोंबील कुठे वाळतायत ते बघा. सगळे हसतात, आणि मग मी रंगवून सांगते की माझ्या आईकडून एकदा अशी चूक झाली होती. ही गोष्ट मी इतक्यांदा सांगितली आहे की विहीणबाईंचा आवाजही काढते. कालही सांगितली. काल ताई आलेली होती, भिंतीला टेकून बसली होती. तीही हसली आणि पाहुण्यांना म्हणाली, "आईचं नाक गेलंच होतं तेव्हा. तिला बिचारीला कळलंच नाही." माझ्या अंगठ्याखालची गोळी फणीवर चेंदून सपाट झाली. मी ती उचलून पुन्हा पिठात मिसळली आणि पुढची घेतली.

हा कागद ताईला द्यायचा असं सकाळी ठरवून लिहायला बसले होते. आता तो रव्याच्या डब्याखाली जाईल असं दिसतंय, कारण ताई कालच्या उरलेल्या फणुल्या वाळवायला अंगणात खाट ओढते आहे आणि तिथून ओरडून विचारते आहे, "अगं, कुठे ठेवू ही?"

"पूर्वेला," मी सांगितलं. "आईने ठेवली होती तिथेच."

 मग खाट ओढल्याचा आवाज आला. पूर्वेच्या अंगणातून दुपारनंतर ऊन निघून जातं, आई, आणि मला बस गाठायची होती. वारा फिरला नव्हता. खाट मी हलवली होती.