माजघरातील समुद्रपुष्प

रवि., १२ नोव्हेंबर १९६१. अमरावती.

चि. विमल काल सायंकाळच्या गाडीने अकोल्याहून आली. जेवताना, मीठ मागावे इतक्या सहजतेने, तिने सांगितले की रामेश्वरमच्या बाजूस समुद्रजीवांचा अभ्यास करणारे एक केंद्र आहे व तेथून तिला नोकरीसाठी विचारणा झाली आहे. उत्तर जानेवारीच्या अखेरच्या आठवड्यात द्यावयाचे. अकोल्याच्या महाविद्यालयात बाटल्यांतील मृत प्राणी दाखवून तिला कंटाळा आला आहे.

सौ. तत्काळ म्हणाली, "जाऊ दे तिले." सौ. वलगावची. मी मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. परंतु घरातील 'मले-तुले' मला आजवर सुधारता आलेले नाही.

अकोला म्हणजे दर शनिवारी मुलगी घरी. रामेश्वरम म्हणजे वर्षातून एकदा, तेही

वाक्य अपूर्ण राहू देतो.

मंगळ., २१ नोव्हें.

प्रकृती ठीक. रविवारी वि.ला विचारले, "जिवंत समुद्र अमरावतीस आणता येईल काय?" ती हसली. "बाबा, इथे नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नाही." पण मग तिने पाटावर खडूने काचेची पेटी काढली, आत एक फूल काढले, फुलात दोन मासे काढले, आणि तिचा वरणभात निवून गेला. ते फूल म्हणजे वनस्पती नव्हे. प्राणी आहे, मांसाहारी आहे. ते इतर माशांना दंश करते. हे दोन मासे मात्र त्याच्याच कुशीत राहतात. इंग्रजी नावे ती भराभर सांगते. मी येथे समुद्रपुष्प व विदूषक मासा असे लिहीन.

समुद्र घरी आला, तर समुद्राकडे जाण्याचे प्रयोजन उरत नाही. हे मी कोणाजवळ बोललेलो नाही. सौ.ने ओळखले आहे, असा संशय आहे.

रवि., ३ डिसेंबर

वि.च्या मुंबईच्या मैत्रिणीने पाणी पाठविले. तेजाबासाठी वापरतात तशा, वेताच्या टोपलीत बसविलेल्या काचेच्या मोठ्या बाटल्या, अर्थात कोऱ्या. बडनेऱ्यास उतरवून घेतल्या. हमालाने विचारले, "मास्तर, काय हाय यात?"

"समुद्र."

"मंग काहून नाही जड होणार!"

शेजारचे वकील बापूसाहेब कुंपणाशी उभेच होते. "खाऱ्या पाण्यासाठी मुंबई कशाला गाठली, मास्तर? विहिरीत पोतंभर मीठ टाकलं असतं."

पेटी तयार आहे. लोखंडी चौकटीला आतून डांबर दिले, कारण पाण्यास कोणत्याही धातूचा स्पर्श होता कामा नये, अशी वि.ची सक्त ताकीद आहे. माजघरात, दक्षिणेच्या खिडकीशी ठेवली. वर पाटी लावली: 'कृपया स्पर्श करू नये.'

गुरु., १४ डिसें.

पाणी मुरत आहे. तळाशी शिंपल्यांची भरड व वाळू. हवेचा लहानसा विजेचा पंप दिवसभर गुरगुरतो. वीज गेली की सायकलचा पंप. पाण्याची घनता पाहावयास गवळ्याकडून दूध तपासण्याची काचनळी मागून आणली. त्याने मला समुद्र पाणी घालून विकावयाचा आहे काय, असे विचारले. उडून गेलेल्या पाण्याच्या जागी साधे पाणीच घालावयाचे. मीठ उडत नाही, मागे राहते.

दुपारी पेटीपुढे बसलो. रिकामे पाणी. तरीही पाहत राहिलो. खिडकीतील ऊन पाण्यातून भिंतीवर गेले होते आणि भिंत हलत होती. काल वलगावच्या वाटेने गेलो होतो; कापूस फुटला आहे, क्षितिजापर्यंत पांढरा फेस. ही काळी जमीन एके काळी कशाचा तरी तळ असावी, असे वाटले. डोळा लागला असावा. जागा झालो तेव्हा सौ. समोर उभी होती. "पान्यात काय दिसून राहिलं तुमाले?"

"अद्याप काही नाही."

"मंग बरं हाय. पोरीपेक्षा पानी पाहणं सोपं."

रवि., ७ जानेवारी १९६२

आले!

वि. विद्यार्थ्यांची सहल घेऊन दक्षिणेस गेली होती. परतीचा सारा प्रवास रुंद तोंडाची बरणी मांडीवर, आणि मुले आळीपाळीने हवा भरत. डोळे तांबारलेले, साडीवर मिठाचे डाग. आल्या आल्या पाणीही न पिता तिने बरणीत पेटीतले पाणी वाटीवाटीने मिसळावयास सुरुवात केली. एकदम सोडले तर ते दचकतात, म्हणाली. सपाट दगडाला चिकटलेला एक मळकट गोळा. आणि दोन मासे, नारिंगी, अंगावर पांढरे पट्टे.

मोर्शीच्या संत्र्यांचा रंग. हे मी मोठ्याने म्हणालो, तर वि. किती तरी दिवसांनी मोकळी हसली.

बुध., १० जाने.

सकाळी उमलले. आधी कडा सैल झाली, मग एकेक बोट बाहेर आले. फिकट, टोकास जांभळे. वारा नसताना वाऱ्यावर असल्यासारखे ते हालते. मोठा मासा त्यात अंग घासत शिरला, उलटा झाला, दिसेनासा झाला, पुन्हा तोंड बाहेर काढून मला पाहिले. धाकटा मागोमाग. बारीक झिंगा चिमट्याने दिला. फुलाने तो हळूच, लाजत घ्यावा तसा घेतला.

दुपारचे जेवण विसरलो. माजघर पाण्याने भरले आहे व मी त्यात बसून श्वास घेत आहे, असे काहीसे. सौ. जवळ येऊन बसली. बराच वेळ ती टक लावून पाहत होती.

"दंश नाही करत त्याईले?"

"नाही."

"आपलेच हायत म्हणून?"

मी दुसरा झिंगा चिमट्यात धरला.

मंगळ., १६ जाने.

संक्रांतीचे हळदीकुंकू. दुपारभर घर बायकांचे. मी बापूसाहेबांच्या ओसरीवर. परत आलो तो पाटी जागच्या जागी, काचेवर एकाही बोटाचा ठसा नाही. समाधान वाटले.

शुक्र., १९ जाने.

फूल मिटले. काल संध्याकाळपासून उघडत नाही. मासे वरवर घोटाळतात. घनता तपासली, बरोबर. हवा बरोबर. पाण्याची उष्णता बरोबर. सारे बरोबर असताना हे

शनि., २० जाने.

वि. आली. पेटीपुढे बसली, लाकडी पळीने वाळू उकरू लागली. पहिला पैसा निघाला. तांब्याचा. मग दुसरा. मग आणखी, काही जुने ढब्बू पैसे. एकावर कुंकू.

"बाबा, तांबं," एवढेच म्हणाली. तांब्याने हे मरतात.

प्रत्येक सुवासिनीने समुद्राला हात जोडले होते आणि नदीत टाकावा तसा पैसा सोडला होता. स्पर्श कोणीच केला नव्हता. मी सौ.वर ओरडलो. घरात आलेल्या बायकांना एवढेही सांगता येत नाही काय, वगैरे.

ती म्हणाली, "पयला माहाच होता."

"काय मागितलेस?"

"इच्यासाठी मागतलं. पोरीले खरा समुद्र भेटू दे मनलं."

पंप गुरगुरत होता.

रवि., २१ जाने.

उरलेल्या बाटल्यांतील पाणी आज घातले, जुने काढून टाकले. फूल मुठीएवढे झाले आहे. मोठा मासा त्याला टेकून असतो. जागा सोडत नाही.

वि. दुपारी म्हणाली, "मी नाही म्हणून कळवते. शुक्रवारी सुटी आहे, गुरुवारी संध्याकाळी तार करीन. याला असं सोडून कशी जाऊ? उमलेपर्यंत तरी थांबते. वाचलं तर पुढच्या वर्षी बघू."

पुढच्या वर्षी कोणी विचारणार नाही, हे तिलाही ठाऊक आहे.

म्हणजे मला हवे होते ते झाले. रात्रीचे जेवण गोड लागावयास हवे होते.

बुध., २४ जाने.

फूल तसेच. सौ. तीन दिवस माझ्याशी कामापुरतेच बोलते. आज चहा ठेवताना म्हणाली, "ते पेटीतलं आजारी हाय, अन् तुमी खूश हाय."

मी म्हणालो, "मी खूश नाही."

"मंग सांगा तिले."

गुरु., २५ जाने. अकोला–अमरावती.

सकाळच्या गाडीने अकोल्यास गेलो. वि. प्रयोगशाळेतून हात पुसत बाहेर आली. माझे काही बरेवाईट झाले, असे तिला वाटले असावे. फाटकाबाहेर निंबाखाली उभे राहिलो.

"उमलले," मी म्हणालो.

"कधी?"

"आज पहाटे."

"पूर्ण? टोकं जांभळी दिसली?"

"दिसली."

ती माझ्याकडे पाहत राहिली. आयुष्यभर मी वर्गात ज्या नजरेने मुलांकडे पाहिले, ती नजर माझ्यावर प्रथमच पडली. मग म्हणाली, "तार ऑफिस पाचपर्यंत उघडं असतं. तुम्ही जेवलात का?" खाणावळीत दोघे जेवलो. तारेविषयी मी विचारले नाही, तिने सांगितले नाही. गाडीत बसवून देताना तिने माझ्या धोतरावरचा कोळशाचा कण झटकला.

घरी आल्यावर सौ.ला सांगितले.

"खोटं बोलले तुमी?"

"हो."

"तोंडावर?"

"हो."

तिने मला दूध गरम करून दिले. सायीसकट.

शनि., २७ जाने.

पाणी स्वच्छ आहे. सकाळपासून पेटीपुढे बसलो आहे. ऊन भिंतीवर आले, भिंत हलू लागली. फुलाच्या कडेशी काहीतरी फिकट दिसते. बोट असेल, उजेड असेल. मोठ्या माशाने तेथे एकदा अंग घासले व थांबला. मी श्वास रोखला, जणू माझ्या श्वासाने ते पुन्हा मिटेल.

सौ. दारातून म्हणाली, "गाडी आली असंन बडनेऱ्याले." मग येऊन माझ्याशेजारी बसली. तार कोणती केली, दोघांनाही ठाऊक नाही. आम्ही पाण्याकडे पाहत आहोत. बाहेर टांगा थांबला