मोहोरबंद वजनकाटा

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
बालरुग्णालय (ॲलर्जी विभाग, दुसरा मजला)

विषय : मात्रा-कक्षात अर्जदारास घातलेली बंदी उठवून मुलीच्या शेजारची खुर्ची परत मिळणेबाबत.

संदर्भ : कक्षाच्या दारावर चिकटवलेली सूचना, "वजनमापवाल्या बाबांना आत सोडू नये."

महोदया,

खाली सही करणारा अर्जदार वजनमापे निरीक्षक असून अठरा वर्षे दुकानोदुकानी काटे तपासत आहे. त्याच्या हातून घडलेला प्रकार, स्वतःची लाज झाकण्याचा प्रयत्न न करता, पुढे मांडला आहे.

१. अर्जदाराच्या मुलीने (वय पाच, घरात 'भिंगरी') केकचा एक घास खाल्ला आणि तिचे ओठ सुजून श्वास अडकला. तेव्हापासून अर्जदाराचा जीव टांगणीला लागला आहे. आपल्या विभागात तिच्या हातावर थेंब टाकून सुईने टोचून पाहण्याची चाचणी झाली. मुलगी गप्प बसली होती. अर्जदारच "दुखत नाही हं, दुखत नाही!" असे इतक्या मोठ्याने ओरडत होता की शेजारच्या दोन मुलांनी भोकाड पसरले. अंड्याच्या थेंबाखाली उठलेली गांधी डॉक्टरीणबाईंनी मोजली. अर्जदाराने खिशातल्या पोलादी पट्टीने फेरतपासणी केली. माप बरोबर निघाल्याबद्दल त्याने बाईंचे अभिनंदनही केले, हे आठवले की आजही कान लाल होतात.

२. उपचार असा, की अंड्याची पूड कणाकणाने खाऊ घालायची. मात्रा दर पंधरवड्याला कक्षातच वाढवायची आणि पालकाने दोन तास शेजारी बसायचे. मुलीची आई परगावी नोकरीस असल्याने ही खुर्ची अर्जदाराकडे आली. चार मात्रा सुरळीत झाल्या.

३. पाचव्या वेळी सिस्टर पूड मोजत असताना काट्यावरचे आकडे वरखाली नाचताना दिसले. पूड जास्त पडली तर पुन्हा तो केकचा दिवस, एवढेच अर्जदाराच्या डोक्यात आले आणि ते डोके फिरले. त्याने पिशवीतून तार व शिसे काढून काटा मोहोरबंद केला आणि पंचनामा लिहायला घेतला. सिस्टर म्हणाल्या, "अहो बाबा, हे भाजीचं दुकान नाहीये!" अर्जदाराने त्यांना साक्षीदार म्हणून सही मागितली. पाच मुले मात्रेविना ताटकळत बसली होती. शेवटी भिंगरी म्हणाली, "बाबा, तुम्ही टेबलावरचा हात काढा ना. तो थरथरतोय." हात काढला. आकडे थांबले. "काट्याला हात लावू नका" असे अर्जदाराने आजवर शेकडो दुकानदारांना दरडावले आहे. ते सर्व आता हसत असतील तर त्यांचे बरोबर आहे.

४. बंदी योग्यच होती. परंतु त्यानंतर आत्या मुलीसोबत बसल्या, तेव्हा तिने तासभर ओठ उघडले नाहीत. आत्यांनी "घे गं राणी" करत गयावया केल्यावर ती एवढेच म्हणाली, "बाबा बाहेर एकटेच घाबरतील." येत्या मंगळवारी असेच झाले तर तिची जागा यादीतल्या पुढच्या मुलाला द्यावी लागेल, असे डॉक्टरीणबाईंनी सांगितले आहे. मग ती आयुष्यभर दुसऱ्यांच्या वाढदिवसांना डबा घेऊन जाणार, आणि कुणी न सांगता काही भरवले तर काय?

५. सबब अर्जदार लिहून देतो की, पिशवी, तार, शिसे व पट्टी तो खाली पहारेकऱ्याकडे ठेवील. काट्याकडे पाठ करून बसेल. आणि दोन्ही हात खिशात ठेवील.

६. वरीलपैकी एका हाताबाबत सवलत मिळावी. डावा हात मुलीला धरायला लागतो, असे अर्जदार लिहिणार होता. खात्री करावी म्हणून तिला विचारले असता ती म्हणाली, "मला नाही लागत. तुम्हाला लागतो. मी धरला की तो थांबतो." अर्जदाराने हे विधान तपासून पाहिले आहे. ते खरे आहे.

मंगळवारी सकाळपासून जिन्यात उभा राहणारा,
भिंगरीचा बाबा
(सही)

दिनांक : मात्रेच्या आधीचा शुक्रवार

सोबत :
(१) काट्यावरून काढलेले शिसे, क्षमायाचनेसह.
(२) कागदावर ठेवलेल्या अर्जदाराच्या डाव्या हाताभोवती मुलीने, तो धरून, पेन्सिलीने काढलेली रेघ. ती कुठेही हललेली नाही.