पऱ्हाटीचा कुड

आसेगाव, वैशाख वद्य पंचमी, शके १८५८

चि. सौ. रुख्मिणीस सासू गोजराबाईचा आशीर्वाद.

आमी समदे खुशाल हाओत. तिकडं रिसोडले तुह्या माय-बापाची तब्येत कशी हाये ते कळव. मी सांगून राह्यली अन् तुहा नवरा शालिग्राम लिहून राह्यला. मले लिहिता येत नाई, त्याले मनातलं बोलता येत नाई, असं आमचं चाललं. तांबडी गाय व्याली, गोऱ्हा झाला. विहिरीत पानी गुडघाभर उरलं.

आता तुह्या सोनचाफ्याचं. माहेरच्या मळ्यातून तू ते रोप मांडीवर घेऊन आनलं होतं. तू गेली अन् चौथ्या दिवशी त्याची पानं कडेकडेनं करपली, चुलीवर धरलेल्या पापडावानी. रोप गेलं तर तू काही परत येत नाई, हे मले कळत होतं. मग बुंध्याशी भुशाचं कुटार पसरलं. मडक्याच्या बुडाले भोक पाडून ते मुळाशी पुरलं, रोज सकाळी भरते. पश्चिमेकडून माह्या जुन्या लुगड्याचा आडोसा केला. शेजारची हौसाबाई म्हणते, "गोजरे, झाडाले लुगडं नेसवलं का वं?" हसू दे तिले.

परवा शेंड्यावर दोन कोवळी पानं दिसली. आज दुपारच्या उनातही ती तशीच ताठ हायेत. माहा जीव भांड्यात पडला, बाई. ओट्यावर बसून रडली मी.

आता पुढचं सांगा लागते. तू रोपाभोवती पऱ्हाटीच्या, कापसाच्या वाळल्या काड्या तारेनं गाठून कुड बांधला होता, तो एका सकाळी दिसला नाई. आदल्या दिवशी शालिग्राम हसत म्हणला होता, झाडाले घर अन् चुलीले सरपन नाई. तुले वाटलं, त्यानंच मोडला. तू इचारलं, तो गप राह्यला, अन् तू भावाच्या छकड्यात बसून गेली.

तो कुड मी चुलीत घातला. पाहुने आले होते, गोवऱ्या सरल्या होत्या. पऱ्हाटी दिसली का चुलीत, हीच जनमाची सवय. आडोसा हाये हे ध्यानात आलं नाई असं सांगनार होती, पन आलं होतं. चार काड्यांनं काय होते, म्हणलं. तू इचारलं तवा मी तिथंच बसेल होती. सुनेपुढं लाज वाटली.

शालिग्रामनं टाक खाली ठेवला. लिही म्हणलं, तर म्हणते, "माय, मले मालूम होतं. दात घासाले राख घेतली, त्यात तिनं बांधलेल्या तारेच्या गाठी निघाल्या."

मी म्हणलं, मग सांगतलं काहून नाई?

"तू सांगशील म्हणून थांबलो."

महिना झाला, रुख्मिणी. राग माह्यावर काढ, त्याच्यावर नको. सोमवारी तो छकडा घेऊन येते. यायचं का नाई, ते तू ठरव.

हा शाईचा अंगठा तुह्या सासूचा, जिनं एक महिना उशीर केला. खालची जागा त्याची.

तारा जपून ठेवल्या हायेत. कुड तूच बांध.
शालिग्राम