गवताखालचा पाट

प्रिय साएको,

हिराओच्या डोंगररस्त्यासाठी तू संगणकावर उभारलेला जमिनीचा नमुना मंजूर झाला. आज दुपारी ओनिशीसाहेबांनी स्वतः येऊन सांगितलं आणि वर म्हणाले, “फुमिए, शिकून घे जरा. साऱ्या एहिमे प्रांतात संत्र्यांच्या बागांच्या बांधांचं असं काम कुणी केलेलं नाही.” शिकून घे! मोजणीची काठी उतारावर सरळ धरायला तुला मीच शिकवलं होतं. तेव्हा तू दर दहा पावलांनी विचारायचीस, “ताई, आणखी किती वर?” आणि मी म्हणायचे, “पाय आहेत ना? मग वर.”

खरं सांगते, पडद्यावर तुझं काम बघताना माझ्या पोटात दुखत होतं. सॉफ्टवेअर मोजलेले बिंदू त्रिकोणांनी जोडत जातं आणि बांधाचा माथा थेट खालच्या वाफ्याला जोडून उभ्या दगडी भिंतीची घसरगुंडी करून टाकतं. वीस वर्षं मी ते त्रिकोण एकेक करून हाताने फिरवत आले. तू प्रत्येक बांधाच्या माथ्यावरून आणि पायथ्यावरून रेषा ओढलीस, कुठलाही त्रिकोण ती ओलांडणार नाही असं बजावलंस, आणि दोन दिवसांत चाळीसच्या चाळीस बांध ताठ उभे राहिले. सगळे तुझ्या खुर्चीमागे जमले. मी चहा करायला गेले. कुणी मागितला नव्हता.

मग तू गटप्रमुख झालीस. तू वाटलेली मोची, ती तांदळाची मऊ मिठाई, मी खणात ठेवली. ती तिथेच दगड झाली. तपासणीच्या कागदावर तुझ्या शिक्क्याशेजारी माझ्या नावाचा शिक्का हवा होता. वरच्या माणसाशेजारी शिक्काही मान लववल्यासारखा किंचित वाकवून उठवायचा, हेही तुला मीच शिकवलेलं. माझा मी ताठ उठवला. तू हसून म्हणालीस, “ताई, तुमच्या शिक्क्याची मान अवघडली वाटतं?” सगळे हसले. मीही.

पण हे पत्र त्या मानेसाठी नाही. सतराव्या बांधाच्या पायथ्याशी गुडघाभर खोल पाट आहे. ड्रोनला दिसलं ते त्यावरचं गवत, आणि तेच तू जमीन धरलंस. माझ्या एकोणीस वर्षांपूर्वीच्या मोजणीवहीत तो आहे, कारण मी त्यात पडले होते. शिक्का उठवण्याआधी मी ती वही उघडून पाहिली आणि परत कपाटात ठेवली. मला तुझं चुकलेलं बघायचं होतं. आज साहेब गेल्यावर मात्र कामेईआजी आठवल्या. मी पाटात पडले त्या दिवशी मला कोरडे मोजे त्यांनीच दिले होते. अजून त्याच बांधाखाली राहतात. आराखड्याप्रमाणे पाट भरावाखाली बुजेल, आणि पहिल्या वादळी पावसात पाणी बांधाच्या पोटात शिरून भिंत त्यांच्या घरावर येईल.

सोमवारी खोदणारं यंत्र तुझाच नमुना घेऊन डोंगर चढणार आहे. वही या पाकिटाखाली आहे. उद्या सकाळी सातला मी विळा घेऊन सतराव्या बांधावर असेन. तू काठी घेऊन ये. पाटाच्या दोन्ही काठांच्या रेषा तूच ओढ, तुला त्या छान जमतात. नऊ वाजता मी ओनिशीसाहेबांना सांगेन की मला माहीत होतं. नव्या कागदावर ते माझा शिक्का घेतील की नाही, ठाऊक नाही.

तुझीच, अजूनही जळणारी,
फुमिएताई