हेडबाईंची अंडी

२० मे, रविवार
आज आमची कोंबडी, म्हणजे हेडबाई, अंड्यांवर बसल्या. आठवडाभर खुडूक होऊन, म्हणजे अंडी उबवायच्या नादात, कोपऱ्यात फुगून बसायच्या, कोणी जवळ गेलं की चोच मारायच्या. शेवटी सुमनने, आमच्या सौभाग्यवतींनी, टोपलीत पेंढा घातला, अकरा अंडी मांडली. मी परत मोजली. तिने "तुमच्या शाळेतली हजेरी नाय ही" म्हणून हात झटकला.
पेंढ्यात तिने एक खिळा आणि कोळसा खोचला. गडगडाटाने अंडी नासू नयेत म्हणून, असं तिच्या मुरबाडच्या आईचं म्हणणं. म्हटलं, आपण असलं मानत नाही ना? "मानत नाय. पन ऱ्हाऊ द्या." राहू दिलं.
एकवीस दिवस धरले तर १० जून.

२४ मे, गुरुवार
शाळेला सुट्टी, पण कारकुनाला कसली सुट्टी! दाखल्यांची रांग. दुपारी घरी.
हे.बा. दिवसातून एकदाच उठतात. दहा मिनिटं. खातात, पाणी पितात, अंगणातून एक फेरी मारतात, बाकीच्या कोंबड्यांना उगाच दोन टोचे देतात आणि परत जागेवर. नाव मीच ठेवलंय. आमच्या शाळेच्या हेडबाई अशाच फेरी मारतात. (ही वही त्यांच्या हाती लागू नये.) सुमन आधी चिडली होती, आता तीच हाक मारते, "हेडबाई, चला, टाइम झाला."
पिल्लू असताना माहेरून पदराखाली घालून आणली तिने. जीपमध्ये मुरबाडपासून चिवचिव. पाच वर्षं झाली. मुलगा नोकरीला पुण्याला गेल्यापासून दिवसभर सुमन बोलते ती हिच्याशीच. मी असतो तेव्हाही हिच्याशीच.

२७ मे, रविवार
कुंपणापलीकडची जनीमावशी आज पुन्हा सुरू झाली. गेल्या साली हे.बां.नी तिचा मिरचीचा वाफा उकरला, तो विषय अजून ताजा. "तुमची कोंबडी परत आली ना इकडं, तर तंगडीच मोडीन!" सुमन इकडून, "हात लावून तर बघ!" वर्षभर हेच. सण असला की मात्र ताटं येतात-जातात, तोंड फिरवून.
जनीमावशीचीही एक तांबडी कोंबडी खुडूक झालीय. पण मावशी तिला अंड्यांवर बसवत नाही. "मला पिल्लांचा याप नको" म्हणाली.

१ जून, शुक्रवार
आज बियाण्याचं काम. मागे कृषी सहायक येऊन सांगून गेले, बी मिठाच्या पाण्यात घाला, पोचट वर येतं, ते काढा, तळाचं धुऊन पेरा. आजवर आमच्याकडे नुसत्या पाण्यात करायचे. मी म्हटलं, शास्त्रशुद्ध करू. अंडं तरंगेपर्यंत मीठ घातलं. मजाच वाटली. बी दोन पाण्यांनी धुतलं, अगदी सांगितल्याप्रमाणे.
वर आलेलं पळंज, म्हणजे ते पोचट भात, सुपात घालून उन्हात वाळवलं. दरवर्षी ते कोंबड्यांना जातं. हेडबाई नेमक्या फेरीला आलेल्या. दोन ओंजळी टाकल्या. बाकीच्यांना हाकलून एकट्यांनीच फस्त केल्या. म्हटलं खा बाई, दिवसभर उपाशी असता.
सुमन बाजाराला शेणव्याला गेली होती. आली तेव्हा सूप झटकून ठेवलं होतं.

२ जून, शनिवार
हे.बा. सकाळी टोपलीबाहेर. वाडग्यातलं पाणी पीत बसल्यात, संपलं की पुन्हा. पाय लटपटतात. शीट पाण्यासारखी.
सुमन दोनदा विचारती झाली, "काय खाल्लं हिनं? कुणी काय घातलं?" आणि बोलताना नजर कुंपणाकडे.
मी वाडगा पुन्हा भरला. काय झालंय ते तेव्हा मला खरंच माहीत नव्हतं.
दुपारी सुपाच्या कडेला अडकलेला एक दाणा तोंडात टाकला. खारट! जिभेला मीठ लागलं आणि कालच्या दोन ओंजळी आठवल्या. बी धुवा म्हणून सांगितलं होतं. पळंज धुवा असं कोणी सांगितलं नव्हतं. पण हे सांगायला लागतं का, गाढवा!

३ जून, रविवार
हेडबाईंना पिशवीत घालून, डोकं बाहेर, शहापूरला एस.टी.ने. सुमन अंड्यांपाशी थांबली, गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून. कंडक्टर म्हणाला, "अहो, हिचं हाफ काढू का फुल?" अख्खी गाडी हसली. मीही हसलो, काय करणार.
गुरांचे डॉक्टर ओळखीचे, घरी गाठले. खरं सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, साधं पाणी, थोडं थोडं, गूळ घालून. आणखी काही नाही. बघा.
परतीला एक बाबा म्हणाले, "अवो, वाया जायच्या आत कापून मोकळे व्हा." त्यांचं चूक नाही, सगळे तेच करतात. पण मी पिशवी छातीशी धरून दुसऱ्या बाकावर गेलो.
घरी सुमनने विचारलं, "काय म्हनले डाक्टर?" मी म्हटलं, "पोट बिघडलंय." खोटं नाही. पुरतं खरंही नाही.

४ जून, सोमवार
हेडबाई गेल्या. सकाळी सहाच्या सुमाराला, सुमनच्या मांडीवर. शेवटी एकदा मान उचलून टोपलीकडे पाहिलं, असं सुमन म्हणते. मला वाटतं मान आपोआप वळली. पण मी तसं म्हटलं नाही.
शेवग्याखाली खड्डा मीच केला. सुमन पदर तोंडाला लावून उभी. मग एकदम कुंपणापाशी गेली आणि चार घरांना ऐकू जाईल अशी ओरडली, "घातलं ना विष? पडली ना थंड तुझी मिरची?" जनीमावशी ओटीवर तांदूळ निवडत होती. सूप तसंच राहिलं हातात. वर्षभर तोंडाला तोंड देणारी बाई, आणि आज गप्प. ते मला फार लागलं.
मी शेजारीच होतो. कुदळ हातात. मीही गप्प.

४ जून, संध्याकाळ
अंडी पंधरा दिवसांची. बाटलीने किती वेळ भागणार? सगळ्या वाडीत खुडूक कोंबडी एकच, जनीमावशीची तांबडी. सुमन म्हणते, "तिच्या दारात मी जीव गेला तरी जायची नाय." आणि दर पाच मिनिटांनी अंड्यांना हात लावून बघते, गार झाली का.
मी गेलो. जयभीम केला, ओटीखाली उभा राहिलो, सगळं ओकलो. मीठ, सूप, दोन ओंजळी.
जनीमावशी आधी नुसती बघत राहिली. मग हसायला लागली. इतकी हसली की खांबाला धरून खाली बसली. "कारकून मानूस! मिठाचं पानी कोंबडीला!" मग हसू पुसलं आणि म्हणाली, "सकाळी तुमची बायको माझ्या नावानं बोंबलत व्हती तवा तुमची जीभ कुठं गेलती?"
मी अंड्यांचं विचारलं.
तांबडीखाली अंडी घेतली तिने. दिवेलागणीला एकेक करून सरकवली. तांबडी थोडी कुरकुरली, मग पंख पसरून बसली. अट एक. "पिल्लं फुटायच्या आत बायकोला तुमी सांगायचं. नायतर मी सांगन, आनि मी सांगितलं तर वाडीला सांगन."
सुमनला म्हटलं, विनवण्या केल्या म्हणून घेतली. ती म्हणाली, "मनात पाप असंल म्हनून घेतली."
काम सोपं करायला गेलो आणि जास्तच अवघड झालं.

६ जून, बुधवार
काल सांगणार होतो. डाळीला फोडणी पडत होती, तेव्हा नको म्हटलं. रात्री ती दमली होती. आज सकाळी ती स्वतःहून म्हणाली, "हेडबाई असती तर आता फेरीला आली असती." आता अशा वेळी कसं सांगणार?
आजचा शेरा: भित्रा.

७ जून, गुरुवार
दुपारी जनीमावशीकडे अंडी तपासली. तिच्या खोलीत उजेड फार, म्हणून गोधडी डोक्यावर घेऊन आत टॉर्च लावून एकेक अंडं धरलं. उकाड्याने जीव चालला. आत काळं भरलेलं दिसलं की बाहेर ओरडायचो, "हजर!" तीन रिकामी. आठ हजर. मावशी बाहेर हसत होती. गोधडीतून डोकं काढलं तर कुंपणापलीकडे सुमन, टाचा उंचावून.
"किती?" तिने विचारलं. मला नाही, मावशीला. चार दिवसांत पहिल्यांदा.
"आठ," मावशी म्हणाली. "आनि तुमच्या मालकांना काय तरी बोलायचंय."
"काय वो?"
मी म्हटलं, बियाणं भिजत घालायचं राहिलंय. पळालो.

९ जून, शनिवार
सकाळी मावशीने कुंपणावरून हाक मारली. अंड्याला कान लावून ऐकलं, आतून टकटक सुरू. म्हणजे उद्या-परवा. माझी मुदत संपली.
सुमन परड्यात वाफ्याची ढेकळं फोडत होती. मी समोर उकिडवा बसलो आणि सांगून टाकलं. सूप, मीठ, दोन ओंजळी. डॉक्टरला खरं बोललो, तुला अर्धं.
ती ढेकूळ हातात धरून बसली. मला वाटलं फेकून मारते.
"तुमी तिला मारलीत हे मला कळलं असतं तर मी रडले असते नि गप बसले असते. चूक हुती ती. पन मी त्या बाईला चार घरांत विष घालनारी केली. आनि तुमी कुदळ धरून बघत व्हता."
एवढंच. उठली, हात धुतले, घरात गेली.
खरं सांगायचं तर मला वाटलं होतं, हेडबाईंचं मरण हाच माझा गुन्हा. तो तर तिने एका वाक्यात माफ केला. माफ न होणारा दुसराच निघाला.

१० जून, रविवार
सकाळी सहा पिल्लं, दुपारी सातवं. आठव्याने कवच टोचलं, मग थांबलं. मावशीने कोमट फडकं ठेवलं, उपयोग झाला नाही. सात. त्यात एक अगदी हेडबाईंच्या रंगाचं, डोक्यावर तोच काळा ठिपका. तांबडीच्या पाठीवर चढून सगळ्यांना टोचा मारतंय. मी एकटाच हसलो.
सुमन माझ्याशी बोलली नाही. जेवण वाढलं, भाजी जास्तच वाढली.

११ जून, सोमवार
शाळा सुरू व्हायची तयारी म्हणून अर्धा दिवस गेलो, चित्त नव्हतं. तीनला घरी. घरात कोणी नाही. चुलीवर चहाचं भांडं, आधण नाही.
मागल्या दारातून पाहिलं. सुमन जनीमावशीच्या अंगणात उभी आहे. मावशी ओटीवर, पाय खाली सोडून. मधे तांबडी आणि सात पिल्लं. सुमन काहीतरी बोलतेय, हळू, खाली बघून. ऐकू येत नाही. सकाळीच निघाली होती म्हणे, समोरच्या घरची सून सांगून गेली. आधी कुंपणाशी उभी, मग फाटकाशी, मग आत.
मावशी उत्तर देत नाही. पिल्लांना कण्या टाकते. एकदा मान हलवली, होकाराची की नकाराची कळलं नाही. माझ्याकडे दोघींपैकी कोणी बघत नाही, बरंच आहे.
लिहीत असताना मधेच उठून परत पाहिलं. मावशीने अजून "बस" म्हटलेलं नाही. सुमनही निघालेली नाही. उन्हात उभीच आहे.
घरातून पाट नेऊन द्यावा का, असा विचार करतोय.