डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या

३ सप्टेंबर

पुन्हा तेच! डॉक्टरीणबाई इतका वेळ बोलल्या, हातवारे केले, पडद्यावरच्या चित्रात बोटाने काहीतरी दाखवलं — आणि आमच्या उंटाने मला काय सांगावं? "सगळं ठीक आहे. पाणी भरपूर पी." एवढ्या बोलण्याचं एवढंच सार? खोदून विचारलं तर म्हणतो, बाकी असंच, हवापाण्याचं. डॉक्टर कधी हवापाण्याचं बोलतात का? तेही कपाळाला आठ्या घालून?

उंट म्हणजे नवरा. उंची आहेच तशी, आणि चालतोही मान पुढे काढून. त्याला वाटतं, आमच्या भाषेत लाडाने असंच म्हणतात. वाटू दे.

इथली भाषा मला दुकानात भाजी घेण्यापुरती येते. घरात आमचं इंग्रजी — त्याचंही मोडकं, माझंही मोडकं. लग्न करायला पुरलं. भांडायला पुरत नाही. बाळंतपणाला पुरतंय का, बघायचं.

७ सप्टेंबर

आईचा फोन. "परक्यांत बाळंतपण करतेस. उद्या काही झालं तर कोण आहे तुला? त्या माणसाला काय पडलंय!" फोन स्पीकरवर, आणि हा समोर बटाटे सोलत बसलेला. "आई काय म्हणतात?" म्हटलं, तुझी चौकशी करतेय. हसला. म्हणाला, माझा नमस्कार सांग. सांगितला. आई म्हणाली, "नमस्काराने पोट भरतं का?" मी उंटाला म्हटलं, आशीर्वाद दिलाय तुला.

लग्नापासून हे असंच चाललंय. इकडचं तिकडे जसंच्या तसं पोचवलं असतं तर एव्हाना घर मोडलं असतं माझं.

१५ सप्टेंबर

आज कामावर, दातांच्या लॅबमध्ये, एका म्हातारबाईंची वरची कवळी. मेणात एकेक दात बसवायचा, कलता करायचा, पुन्हा काढायचा. अगदी सरळ रांग लावली तर माणूस हसताना खोटा दिसतो. मग पॉलिश. मशीनपाशी उभंच राहावं लागतं आणि आता पोट मध्ये येतं. मालक म्हणाले, छान झालीय. या कामात माझी भाषा कुणी विचारत नाही, म्हणून तर ते आवडतं मला.

संध्याकाळी उंट डेपोतून आला, ड्रायव्हरचा कोटही न काढता म्हणाला, "नोकरी सोड ना. तू घरी असलेली मला आवडेल."

हा? हा म्हणतो हे? लग्नाआधी माझे हात हातात घेऊन म्हणायचा, काय जादू आहे यांच्यात! आता तेच हात गॅसपाशी हवे झाले. म्हटलं, तुझ्या आईने शिकवलंय का हे? कोटाची बटणं काढत बसला. सोडणार नाही! अजिबात नाही.

१६ सप्टेंबर

सासूबाई टपकल्याच. माझ्या हातातला झाडू काढून घेतला आणि पलंगाकडे बोट दाखवलं. मायलेकांचा कट आहे. सासू ती सासूच, देश कुठलाही असो.

२४ सप्टेंबर

मुद्दाम जादा काम मागून घेतलं. पाय सुजलेत. कुणाला सांगणार? सांगितलं की "बघ, म्हटलं नव्हतं" सुरू.

५ ऑक्टोबर

उंटाला सुट्टी मिळाली नाही. म्हणाला, तपासणी पुढे ढकल. मी ऐकते का? गेले एकटीच.

नवी नर्स होती. इंग्रजी बोलणारी! किती बरं वाटलं. हाताला पट्टा बांधता बांधता म्हणाली, "मग, पडून राहता ना डाव्या कुशीवर? बाळाला रक्त कमी पोचतंय, वाढ खुंटलीय. काम बंद करायला सांगितलंय ना मागच्या वेळी?"

म्हटलं, कुणाला सांगितलंय?

"तुम्हालाच. नवरा होता की बरोबर. त्यांनीच समजावलं ना तुम्हाला?"

मी हो म्हटलं. का म्हटलं, देव जाणे. त्याची लाज राखली बहुतेक. आणि मी महिनाभर त्या मशीनपाशी उभी! हट्टाने! बाळ पोटात उपाशी, आणि मी नवऱ्याची जिरवतेय.

घरी आल्यावर त्याच्या अंगावर ओरडले. कप फेकला. मेला फुटलाही नाही. तो भिंतीला टेकून जमिनीवरच बसला. "तू इथे एकटी. घाबरून गेली असतीस. म्हणून त्यांचं सांगणं मी माझं म्हणून सांगितलं. वाटलं, माझं ऐकशील."

अरे, तुझं होतं म्हणून तर ऐकलं नाही! डॉक्टरीणबाईंचं आहे असं कळलं असतं तर त्याच दिवशी आडवी झाले असते.

खोटारडा म्हटलं त्याला. तर हळूच म्हणाला, "आणि तुझी आई? दर वेळी रागाने बोलते आणि तू मला आशीर्वाद सांगतेस. मला भाषा येत नाही. कान आहेत."

मी जाऊन तो कप उचलून आणला.

९ ऑक्टोबर

नोकरीवर फोन करून सांगितलं, येत नाही. मालक म्हणाले, जागा ठेवतो.

आम्ही एकमेकांना वचन दिलंय. यापुढे शब्दाला शब्द. त्याने डॉक्टरीणबाईंचा, मी आईचा. काना-मात्राही गाळायची नाही. सुरुवात माझ्यापासून. आई आजवर काय काय बोलली ते सांगितलं. सगळं. त्याने ऐकून घेतलं. "बरोबरच आहे त्यांचं. माझ्यामुळेच लांब आलीस." मग भांडी घासायला गेला. चारच भांडी होती, बराच वेळ घासत होता.

२० ऑक्टोबर

डावी कूस. भिंत. डावी कूस. भिंत.

सासूबाई रोज येतात, पाय चेपतात. कट वगैरे काही नव्हता. "गाढवा, खरं सांगून टाक बायकोला," असं पहिल्या दिवसापासून त्याच्या मागे लागल्या होत्या. त्यानेच सांगितलं — शब्दाला शब्द, गाढवासकट. मी काय काय बोलले होते त्यांना मनातल्या मनात! आज त्यांचा हात धरून ठेवला थोडा वेळ.

२८ ऑक्टोबर

आई येणार! दादा तिकिटाचं बघतोय. झबली शिवून झालीत म्हणे. शेवटी म्हणाली, "आणि तो जेवतो का वेळेवर? तू अशी पडलेली, त्याला कोण बघतं?" मी तस्संच्या तस्सं सांगितलं. त्याचा विश्वासच बसेना. "खरंच असं म्हणाल्या? शब्दाला शब्द?" शपथ घ्यावी लागली मला.

४ नोव्हेंबर

वाढ अगदी किंचित. पुढच्या आठवड्यात शस्त्रक्रिया करून बाळाला बाहेर काढायचं म्हणतात. काय काय होऊ शकतं ते डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, आणि उंटाने मला सांगितलं. सगळं. मध्येच घोटभर पाणी प्यायला, पुन्हा तिथूनच सुरुवात केली.

मी म्हटलं, त्यांना विचार — तो महिनाभर मी उभी राहिले, त्याने झालं का हे?

त्याने विचारलं. त्यांनी उत्तर दिलं. तो म्हणाला, "सांगता येत नाही, म्हणतात."

"नाही, त्याने नाही झालं" म्हणाला असता तर काय बिघडलं असतं? खरं ऐकलं की मन हलकं होतं असं कोण म्हणतं, त्याला आणा इथे.

९ नोव्हेंबर

सकाळपासून पोटात सामसूम. टॅक्सीने दवाखाना. डॉक्टरीणबाईंनी पोटावर यंत्र फिरवलं. पुन्हा फिरवलं. आणखी एका डॉक्टरांना बोलावलं. ठोक्यांचा आवाज आलाच नाही. मग त्या बोलल्या, हळूहळू, त्याच्याकडे बघत. माझ्याकडे नाही.

तो वळला. वचन दिल्याप्रमाणे सगळं सांगायला त्याने तोंड उघडलं. मी हात ठेवला त्याच्या तोंडावर. म्हटलं, आज तुझ्या जुन्या पद्धतीने सांग.

तो म्हणाला, बाळ झोपलंय.

मी म्हटलं, बरं.